वायरवाला डिस्क की ऑइलवाला?

आमच्याकडे सायकलवरचा पोलो खेळायला येणारा नवा पोट्टा पहिल्या दिवशी मॅलेट (चेंडू मारायचा लांब दांड्याचा हातोडा) फिरवून पाहतो, दुसऱ्या दिवशी गुडघे फोडून घेतो आणि आठवडाभरानं विचारतो, "भाऊ, ऑइलवाला डिस्क ब्रेक टाकू का वायरवाला?" विचारतानाच त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ऑइलवाला. मोटरसायकलला असतो, महाग असतो, म्हणजे चांगलाच असणार. तालुक्याच्या सायकलवाल्यानंही त्याला तेच सांगितलेलं असतं. सायकलवाल्याचं चुकत नाही, फक्त त्यानं पोलो पाहिलेला नसतो.

आम्ही खेळतो ते गावाबाहेरच्या एका जिनिंगच्या आवारात. कापसाचा हंगाम संपला की ढीग लावायची सिमेंटची फरशी दिवाळीपर्यंत मोकळी पडते. एका बाजूला टिनाचं शेड, दोन टोकांना विटा मांडून केलेले गोल. मॅलेटचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि डोकं तुषार सिंचनाच्या फुटक्या पाइपाचं. परदेशात खेळणारे ज्या जातीचं प्लास्टिक विकत घेतात, ते आपल्याकडे धुऱ्यावर पडलेलं सापडतं.

खेळ जुना आहे. १८९१ मध्ये आयर्लंडच्या विकलो परगण्यात रिचर्ड मेक्रेडी यांनी तो सुरू केला, आणि १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याचा प्रदर्शनीय सामनाही झाला. आयर्लंडनं जर्मनीला हरवलं. पण तो गवतावरचा पोलो. सिमेंटवरचा, तिघे विरुद्ध तिघे असा प्रकार २००० च्या आसपास अमेरिकेतल्या सिएटल शहरात रुळला, सायकलवरून पार्सल पोचवणाऱ्या पोरांमध्ये. यात पाय जमिनीला टेकला की तुम्ही खेळाबाहेर. ठरलेल्या जागी मॅलेट लावून यायचं, मगच चेंडूला हात घालायचा. म्हणजे थांबायचं आहे, पण पाय टेकायचा नाही. सगळा ब्रेकचा मामला इथूनच सुरू होतो.

उजव्या हातात मॅलेट. म्हणजे हँडल धरायला, वळवायला आणि ब्रेक दाबायला उरतो तो एकटा डावा हात. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा असतो. पोलोत हे उलटं करावं लागतं, कारण सायकल थांबवायचं मोठं काम पुढचं चाक करतं: ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होऊन नुसतं घासत जातं. वायरवाल्या ब्रेकमध्ये ही अदलाबदल पाच मिनिटांची. वायर सोडायची, दुसऱ्या लिव्हरमध्ये ओवायची, ताणायची. ऑइलवाल्यात लिव्हर उलटी बसवता येणारी नसेल तर नळी सोडावी लागते, आणि नळी सोडली की हवा आत शिरते, मग पुन्हा सगळं ऑइल खेळवून हवा काढणं आलं. (अदलाबदल केलेली सायकल घरातल्या कुणाला दळण आणायला देऊ नका. आमच्या एकाच्या धाकट्या भावानं सवयीनं डावा ब्रेक करकचून दाबला आणि पिठासकट हँडलवरून पुढे गेला.)

एक प्रश्न मध्येच येतो म्हणून सांगतो: मुळात डिस्कच कशाला, साधे रबराचे ब्रेक का नकोत? पोलोत सायकली एकमेकींवर आदळतात आणि रिंग वाकते. वाकडी रिंग रबराला घासत राहते. डिस्क ब्रेक चाकाच्या मधोमध बसवलेली गोल प्लेट धरतो, कॅलिपर नावाच्या पकडीतल्या दोन पॅडनी; त्याला रिंगशी काही देणंघेणं नसतं. शिवाय पावसाळ्यात काळी माती रबर आणि रिंगच्या मध्ये अशी भरते की चाकच फिरत नाही. ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आता ताकदीकडे येऊ, कारण सगळे तिथूनच बोलायला लागतात. खेळाडू आणि सायकल मिळून ७५ किलो धरा, वेग ताशी १८ किलोमीटर. जिनिंगच्या फरशीवर याहून जोरात जायला जागाच नाही. एवढ्या वेगातून पूर्ण थांबायला ब्रेकला साधारण ९४० ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेनं एक ग्लास पाणी जेमतेम एक अंशानं तापेल. आता हीच सायकल चिखलदऱ्याहून परतवाड्याला घाटानं उतरवा. सातशे मीटरची उतरण धरली तर पाच लाख ज्यूलच्या वर हिशेब जातो, म्हणजे पोलोतल्या साडेपाचशे थांब्यांइतका. थोडा भार वारा घेतो, पण बाकीचा ब्रेकवरच. ऑइलवाल्या ब्रेकची खरी कमाई अशा ठिकाणी: लांब उतार, गरम प्लेट, दोन बोटं लिव्हरवर आणि तरी हात शाबूत. पोलोत प्लेट कोमट होते तोवर हाफ संपतो. तेव्हा घाट उतरणाऱ्याची शिफारस आपल्याला जशीच्या तशी लागू नाही.

वायरवाल्याचं दुखणं दुसरं आहे, आणि ते शेतकऱ्याला चटकन समजतं. उधळलेला बैल एकट्या माणसाच्यानं आवरत नाही, पण दोर खुंट्याभोवती दोन वेढे घेतला की पोरगंही त्याला धरून ठेवतं. ताण कुठे गेला? घर्षणानं खाल्ला. वेढा जितका जास्त तितकं खाणं जास्त, आणि ते बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतं. ब्रेकची वायर कव्हरच्या आत जिथे जिथे वळते, तिथे तिथे हाच खुंटा उभा असतो. फरक एवढाच की बैलाच्या वेळी तो आपल्या बाजूनं असतो आणि ब्रेकच्या वेळी विरुद्ध.

कागदावर गणित मांडून पाहा. स्वच्छ वायर आणि चांगलं कव्हर असेल तर घर्षणाचा गुणांक ०.१ धरू. पुढच्या ब्रेकची वायर लहान, सगळी वळणं मिळून समजा ९० अंश. वाटेत हरवतो सुमारे १५ टक्के जोर. मागच्या ब्रेकची वायर लांब, दोन-तीन वळणं मिळून २७० अंश: हरवतो ३८ टक्के. आता आत धूळ आणि गंज जाऊन गुणांक दुप्पट झाला असं समजा. पुढचा ब्रेक २७ टक्के गमावतो, मागचा थेट ६१ टक्के. म्हणजे लिव्हरवर दहा आणे दाबले तर मागच्या कॅलिपरला चारच आणे पोचतात.

मला या सगळ्यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. लोक "वायरवाला ब्रेक कमजोर" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मागच्या, लांब आणि घाण झालेल्या वायरबद्दल बोलत असतात. पोलोत आपलं मुख्य काम पुढच्या, आखूड वायरवर आहे. तिथे वायर आणि ऑइलमधला फरक इतका कमी होतो की चांगलं कव्हर टाकलं तर डोळे झाकून ओळखणं कठीण.

कव्हरबद्दल एक सावधगिरी, कारण यात खरोखर अपघात होतो. ब्रेकच्या कव्हरच्या आत पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरच्या कव्हरमध्ये तारा सरळ, लांबीच्या दिशेनं असतात. गिअरचं साधं कव्हर ब्रेकला लावलं तर सुरुवातीला लिव्हर छान कडक लागते, आणि एखाद्या जोरदार दाबाला ते फुटून तारा बाहेर येतात. दुकानात दोन्ही काळीच दिसतात. टोक कापलेलं असेल तिथे नजर घालून पाहा, मगच घ्या.

ऑइलवाल्याची गंमत कळायला जनावरांच्या दवाखान्यातल्या दोन रिकाम्या सिरिंजा पुरे. एक बारीक, एक जाड. मध्ये सलाइनची नळी, आत पाणी. बारीक दाबली की जाडीचा दट्ट्या मोठ्या जोरानं बाहेर येतो, पण थोडाच येतो. सतराव्या शतकात पास्कलनं मांडलेला नियम हाच: बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, मग जिथे क्षेत्रफळ जास्त तिथे जोर जास्त. लिव्हरमधला दट्ट्या समजा १० मिलीमीटरचा आणि कॅलिपरमधले २२ मिलीमीटरचे. क्षेत्रफळ जवळपास पाचपट, जोरही पाचपट. नळी कितीही वळवा, तिथे खुंटा नाही. पॅड झिजले की दट्टे आपोआप थोडे पुढे सरकतात, लिव्हरचा खेळ तेवढाच राहतो. वायरवाल्यात हे तुम्हाला लिव्हरजवळचा गोल नट फिरवून स्वतः करावं लागतं.

आता त्याच सिरिंजांच्या नळीत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या हलतच नाही, हवाच दबते. ऑइलवाला ब्रेक "स्पंजासारखा" झाला म्हणतात तो असा. वायरवाला ब्रेक बिघडताना हळूहळू बिघडतो, तारेचे एक-दोन धागे तुटून बोटाला टोचतात, आधी खबर मिळते. ऑइलवाला बरेचदा परवापर्यंत ठीक असतो आणि आज नसतो.

हवा शिरते कशी? आपल्याकडे तर एक खास वाट आहे. बाभळीच्या काट्यांच्या मुलुखात आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं, आणि आपला पंक्चरवाला सायकल उलटी करून हँडल-सीटवर उभी करतो. लिव्हरच्या टाकीत वर जमलेला हवेचा बुडबुडा तेव्हा नळीकडे निघतो. सायकल सरळ करून लिव्हर आठ-दहा वेळा दाबली की बहुतेकदा ब्रेक परत येतो. नाही आला तर संध्याकाळचा खेळ गेला. दुसरं असं की चाक काढलेलं असताना कुणी सहज लिव्हर दाबली तर दट्टे बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग प्लेट आत जात नाही. चाक काढलं की पॅडमध्ये जाड पुठ्ठा खोचून ठेवायचा, हा नियम मी दोनदा चाक न बसल्यावर शिकलो.

पण सगळ्यात महाग पडलं ते ऑइल. सायकलच्या ऑइलवाल्या ब्रेकमध्ये दोन जाती असतात. काहींत खनिज तेल, शिमानो, मागुरा, टेक्ट्रो वगैरेंत. काहींत डॉट नावाचं, मोटरसायकल-कारमध्ये असतं ते. दोन्ही एकमेकांचे वैरी. एकाच्या रबरी सीलला दुसऱ्याचं तेल लागलं की सील फुगते आणि दट्टा अडकतो. तालुक्याला प्रत्येक गॅरेजमध्ये "ब्रेक ऑइल" मिळतं आणि ते डॉटच असतं. माझ्या पहिल्या ब्रेकमध्ये खनिज तेल होतं. ओळखीच्या मेकॅनिकनं मायेनं, पैसे न घेता, त्यात मोटरसायकलचं ऑइल भरून दिलं. तीन दिवसांनी लिव्हर दाबली ती दाबलेलीच राहिली. मी त्याला बोललो नाही. बाटलीवरची अक्षरं वाचायचं काम माझं होतं.

दुसऱ्यांदा शहरातल्या एका दुकानात हवा काढून घेतली, जानेवारीच्या थंडीत. त्यांनी टाकी काठोकाठ भरली. मे महिन्यात सायकल टिनाच्या शेडबाहेर उभी राहिली, ऑइल प्रसरण पावलं, पसरायला जागा नाही, आणि पॅड प्लेटला टेकले ते सुटेनात. सायकल ढकलायलाही जड. टाकीचा स्क्रू ढिला करून दोन थेंब बाहेर काढले तेव्हा चाक फिरलं. आपल्याकडचं ऊन ब्रेक बनवणाऱ्यांनी विचारात घेतलेलं असतं. भरणाऱ्यानं घेतलेलं नसतं.

आता मैदानातली गोष्ट. चेंडूपेक्षा जास्त मार सायकलींना बसतो. कुणाचं पेडल, कुणाचा मॅलेट प्लेटवर बसतो आणि प्लेट वाकते. प्लेट चाकाच्या डाव्या अंगाला असते आणि मॅलेट उजव्या हातात, म्हणून आपल्या स्वतःच्या हातून ती सहसा वाचते. समोरच्याच्या हातून नाही. ऑइलवाल्यात पॅड आणि प्लेटमधली फट मिलीमीटरच्या काही अंशांची, आणि ती वाढवायची सोयच नसते. थोडी वाकलेली प्लेटही घासते. वायरवाल्यात नट दोन फेरे ढिला केला, फट वाढली, लिव्हर थोडी जास्त खेचावी लागते, पण सामना पुरा होतो. घरी गेल्यावर पान्यानं प्लेट हळूहळू सरळ करा, तेलकट हात न लावता. आमच्या फरशीवर सरकी पडलेली असते, ती चिरडली की तेलकट डाग होतो. त्या फरशीवर पडलेला हातमोजा घालून प्लेट धरलेली चालत नाही, पॅडनं एकदा तेल पिलं की ते नवेच घ्यावे लागतात.

एका लिव्हरवर दोन्ही ब्रेक हवे असतील तर वायरवाल्याकडे सोपं उत्तर आहे: दोन वायरी एकत्र ओढणारी लिव्हर मिळते, तीनचाकी आणि मालवाहू सायकलींना लागते ती. ऑइलमध्ये एकाच नळीला दोन फाटे फोडायची कल्पना सगळ्यांना सुचते. सिरिंज आठवा. लिव्हरमधलं ऑइल तेवढंच, ते दुप्पट दट्ट्यांत वाटलं गेलं की प्रत्येक दट्टा निम्माच सरकतो. लिव्हर हँडलला टेकते तरी पॅड पुरते पोचत नाहीत. इंग्लंडच्या होप कंपनीनं म्हणूनच एका क्लॅम्पवर दोन स्वतंत्र लिव्हर बसवलेला जोड काढला होता. चांगला, पण आपल्या खिशाचा नाही.

वायरवाला घेणार असाल तर पैसे कुठे घालायचे ते ऐका. स्वस्तातल्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो. तो प्लेटला ढकलून दुसऱ्या, स्थिर पॅडवर दाबतो. स्थिर पॅडही हातानं पुढे-मागे करता येईल असा कॅलिपर बघा. एव्हिडचा बीबी-७ यासाठीच नावाजलेला. टीआरपीच्या स्पायरमध्ये तर दोन्ही पॅड हलतात. मात्र कॅलिपरची आणि लिव्हरची जोडी जुळली पाहिजे. डोंगरी सायकलचा कॅलिपर जास्त वायर ओढणारी लिव्हर मागतो, रस्त्यावरच्या सायकलचा कमी. जुनी साध्या ब्रेकची लिव्हर डोंगरी कॅलिपरला जोडली तर ब्रेक लागायच्या आधी ती मुठीला टेकते. उलट जोडी केली तर लिव्हर लाकडासारखी कडक लागते आणि ब्रेक मात्र लागत नाही. हा प्रकार जास्त फसवा, कारण कडक लिव्हर लोकांना चांगली वाटते. प्लेट १६० मिलीमीटरची पुरे. पॅड रेझिनचे घ्या. थंड असतानाही ते पकडतात, आणि आपला ब्रेक सदा थंडच. धुळीत लवकर झिजतात, ते मान्य करून चाला.

जुन्या काळ्या सायकलीला डिस्क बसवायचा विचार कुणी करत असेल तर नको. तिच्या चिमट्याला कॅलिपरची जागा नाही, हबला प्लेटची भोकं नाहीत. वेल्डिंगवाला "लावून देतो" म्हणेल. डिस्कचा सगळा झटका चिमट्याच्या एकाच पायावर येतो, आणि तो पाय त्यासाठी बनवलेला नाही.

इतकं सगळं सांगूनही आमच्या संघात एक ऑइलवाला ब्रेक आहे, आणि तो काढायचं मी कुणालाही म्हणणार नाही. आमची गोलकीपर अकरावीत आहे. गोलसमोर सायकल आडवी लावून, पुढचं चाक वळवून, ब्रेक धरत-सोडत ती मिनिटंच्या मिनिटं पाय न टेकता उभी असते. तिची बोटं लहान, आणि वायरवाल्या लिव्हरला लागणाऱ्या जोरानं सामन्याच्या शेवटी तिचा पंजा भरून येतो. ऑइलवाल्यावर एक बोट ठेवलं की काम होतं, आणि केसाएवढा दाब कमी-जास्त केलेला चाकाला लगेच समजतो. पुढे धावणाऱ्यांना ब्रेक लागतो तो झटक्यानं. तिला लागतो तो सलग. तिची सायकल सहसा गोलपाशीच असल्यानं आदळआपटही कमी.

तिच्या सायकलच्या नळीवर पांढऱ्या मार्करनं लिहून ठेवलंय: "उलटी करू नये. मोटरसायकलचं ऑइल टाकू नये." पंक्चरवाल्या काकांनी ते वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "उलटी नाई करू तं पंक्चर काय मांडीवर घेऊन काढू?" मग खरोखरच पुढचं चाक काढलं, सायकल भिंतीला टेकवली, आणि आत खोचायला पुठ्ठा मागितला.